शर्टाच्या खिशातला कागद

ज्याच्याबद्दल सांगतोय तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. केमिकलचा ट्रक चालवण्यात त्याच्या तोडीचा माणूस आमच्या अख्ख्या लायनीत नाही. भाऊ आहे म्हणून म्हणत नाही. कुठल्याही गोदामात जाऊन विचारा, "हेडमास्तर कसा आहे?" हे नाव त्याला हमालांनी ठेवलंय.

कारण तो कागद वाचतो. बाकीचे ड्रायव्हर सही ठोकतात आणि गाडी काढतात. हा मालाचा कागद हातात घेऊन मागं चढतो. कागदावर छत्तीस ड्रम असतील तर छत्तीस मोजतो, ड्रमावरचं लेबल कागदाशी लावून बघतो, आणि खाली इमर्जन्सीचा फोन नंबर असतो ना, तो स्वतः फिरवतो, पलीकडून कोणी उचलतंय का बघायला. हमाल चिडवायचे.

"काय हेडमास्तर, घेतली का हजेरी? सगळे हजर ना?"

"एक गैरहजर आहे," हा वरूनच म्हणायचा. एकदा खरंच एक ड्रम कमी निघाला. त्या दिवसापासून हमालांचं हसणं थोडं कमी झालं.

शिक्षण सातवी. पण धोक्याच्या मालाच्या लायसनची परीक्षा दिली तेव्हा पन्नासपैकी पन्नास. शिकवणाऱ्या साहेबांनी पेपर दोनदा तपासला म्हणतात.

ही कागदाची शिस्त त्याला मी लावली. हे मी चार लोकांत छाती काढून सांगत आलोय, म्हणून आताही सांगतो. मी सिमेंट आणि फर्निचर वाहणारा माणूस. तरुणपणी माझ्या गाडीतून कोणीतरी मालाचं चलन, म्हणजे मालाचा कागदच, पळवलं, तर चौकीवर मी दोन दिवस बसून होतो, अंगावरच्या कपड्यांनिशी. तेव्हा हा माझ्याबरोबर गाडी शिकत होता. मी त्याला म्हणालो, "हे बघ, गाडी रस्त्यावर, कागद अंगावर. चहाला उतर, संडासला जा, कागद छातीशी पाहिजे." त्यानं ते मनावर घेतलं.

पण धोक्याच्या मालाची रीत उलटी. गाडी चालवताना कागद हाताला लागेल असा ठेवायचा, आणि ड्रायव्हर खाली उतरला की कागद गाडीतच ठेवायचा, दाराच्या कप्प्यात नाहीतर सीटवर. का, तर ड्रायव्हर जागेवर नसेल, बेशुद्ध असेल, तर बंबवाल्यांनी दार उघडलं की पहिल्यांदा कागद दिसला पाहिजे. हे त्याला पाठ होतं. परीक्षेत त्यानं लिहिलंसुद्धा होतं. पण गाडीतून पाय खाली टाकला की हात आपोआप कागद घडी करून शर्टाच्या खिशात टाकायचा. वीस वर्षांची सवय.

त्या दिवशी मिसळीचा माल होता, तीन तऱ्हेचे ड्रम. मालकाची पद्धत अशी की मिसळ असली की बाहेर एकच पाटी, नुसतं "धोकादायक माल". आत नेमकं काय, ते फक्त कागद सांगणार. दुपारी दोनला तो नेहमीच्या ट्रकतळावर थांबला. ऊन कडक, अंग चिकट झालेलं. मालाभोवती एक चक्कर मारली, सगळं ठीक दिसलं. टॉवेल घेतला आणि तळामागच्या मोरीत अंघोळीला गेला. शर्ट खुंटीला, कागद शर्टात. नळ जोरात सोडला.

इकडं एका ड्रमाचं झाकण ढिलं झालं आणि ताडपत्रीखालून वाफेसारखा पांढुरका धूर यायला लागला. चहावाल्यानं फोन केला. फायर ब्रिगेड नाक्यापलीकडेच, पाच मिनिटांत बंब हजर. त्यांच्या साहेबांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. कप्पा रिकामा. सीटवर कंगवा आणि पाण्याची बाटली. त्यांनी सीटखालीही हात घालून बघितलं. ओरडून ड्रायव्हरला बोलावलं. मोरीत नळ वाहत होता.

ड्रम कलंडायला आला होता, आणि शेजारी डिझेलनं भरलेल्या गाड्या. थांबायला वेळ नव्हता. एक जाडजूड, मिशीवाला जवान साधा मास्क लावून वर चढला, ड्रम सरळ केला, झाकण आवळलं, खाली उतरला आणि दोन पावलांवर गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात हा आला, केस निथळणारे, शर्ट हातात.

"ड्रायव्हर कोण?"

"मी, साहेब."

"कागद कुठंय?"

यानं खिशातून घडी काढून दिली. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचला. कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं की या मालाजवळ साधा मास्क चालत नाही, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊनच जायचं. सिलिंडर बंबात होते. चार.

"कुठं होता हा?"

"माझ्याजवळच होता, साहेब. जपून ठेवला होता."

"कोणासाठी?" साहेब म्हणाले, आणि कागद घेऊन ॲम्ब्युलन्सकडं गेले.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा भाऊ बाकावर बसला होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मिशीवाला जवान वाचणार होता, पण फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. शिडी चढायचं काम संपलं. भाऊ त्याला भेटायला आत गेला. नाकावरची नळी जरा बाजूला करून जवान घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अंघोळ झाली का नीट?" त्याची बायको शेजारी होती. ती हसली नाही. भाऊ मान खाली घालून तसाच बाहेर आला.

बाहेर आमचा सुपरवायझर उभा. त्यानं याला कोपऱ्यात घेतलं. "उद्या सकाळी चौकशीत लेखी जबाब द्यायचाय. लिही, कागद सीटवर होता. गडबडीत त्यांना दिसला नाही. आपल्यावर काही येत नाही."

"मग त्यांच्या साहेबांवर येईल."

"येऊ दे. सरकारी माणूस आहे, त्याचं काय बिघडतंय? तुझं लायसन गेलं तर परत मिळणार नाही."

घरी आल्यावर मीही तेच म्हणालो. खोटं कशाला बोलू. म्हणालो, "दोन मुलं आहेत तुला. एक ओळ लिहायची. लायसन गेलं की तुला कोण विचारणार? सिमेंट ओढणार माझ्यासारखं?"

तो भिंतीला टेकून बसला होता. "दादा, त्यांनी सीटखाली हात घालून शोधला. चहावाल्यानं सांगितलं मला. सीटखालीसुद्धा."

"सवय होती तुझी. चूक काय त्यात?"

"सवय कुणी लावली, ते लिहू का?"

त्याची बायको ताट घेऊन आली होती, तिनं ते खाली ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, त्यांना जेवू तरी द्या." तो जेवला नाही. मुलाच्या वहीचं पान फाडून घेतलं आणि लिहीत बसला. मला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याच टेम्पोतून त्याला चौकशीच्या ऑफिसात नेलं. दारात सुपरवायझर होता. "लिहिलंस ना नीट?" यानं "हो" म्हटलं आणि आत गेला. मी खिडकीतून बघत होतो. टेबलामागच्या बाईंनी पान वाचलं, परत वाचलं, मग मोठ्यानं विचारलं, "कागद माझ्या खिशात होता, नियम मला माहीत होता, हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो, बाई."

"कोणी लिहायला सांगितलं नाही ना?"

"नाही. सांगितलं होतं ते वेगळंच होतं."

त्यांनी शिक्का मारला आणि हात पुढं केला. त्यानं पाकिटातून लायसन काढलं, शर्टाला पुसलं आणि दिलं. पन्नासपैकी पन्नासवालं लायसन. अशी हिंमत माझ्यात नाही, हे मी पहिल्यांदाच लिहितोय.

परत येताना तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. वीस वर्षांत पहिल्यांदा. वाटेत मला सिमेंट उतरवायचं होतं. गोदामापाशी गाडी थांबवली, दार उघडून पाय खाली टाकला, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. माझ्या शर्टाच्या खिशातून सिमेंटचं चलन काढलं, माझ्या पुढून हात लांब करून ते दाराच्या कप्प्यात उभं ठेवलं, लिहिलेली बाजू बाहेर, आणि म्हणाला, "आता उतर."