परतीची टोपली

आमची लेक दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून गेम बघत होती. खेळत नव्हती, बघत होती. कीबोर्ड बाजूला सारलेला, हाताची घडी, आणि पडद्यावर दोन बाहुल्या आपापल्या शेतात कुदळ मारतायत. मी मागे उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "मग खेळतंय कोण?"

"एआय एजंट."

तिने समजावलं ते असं: गेम मूळचा माणसांनी खेळायचा. पण त्याला एक मॉडिंग टूल जोडलं, म्हणजे गेमच्या भिंतीला मागून एक दार पाडलं, की त्यातून एआयला आत सोडता येतं. मग बाहुलीने काय करायचं ते एआय ठरवतो. आपण फक्त नियम लिहून द्यायचे, तेही साध्या मराठीत. मी मान डोलावली. बँकेत केवायसी समजावतात तेव्हा डोलावतो तशीच.

"आणि माणसाने काय करायचं?"

"बघायचं."

"म्हणजे गेम आपण विकत घ्यायचा, खेळणार दुसरंच कुणीतरी, आणि वीजबिल मी भरणार."

"बाबा, प्लीज. शनिवारी डेमो आहे."

तिला ज्या कंपनीत नोकरी हवी होती, त्यांना हे सगळं व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचं होतं. लाल कौलांच्या घरात एक एजंट, निळ्या कौलांच्या घरात दुसरा. दोघांनी माणसाच्या मदतीशिवाय गेममधला हिवाळा काढायचा. गाडी अडली होती ती इथेच. निळ्या घरातलं धान्य संपायचं, ताकदीची हिरवी पट्टी रिकामी व्हायची आणि बाहुली बर्फात आडवी पडायची. लाल घरातली भरल्या कोठारात ढिम्म बसून असायची.

"शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?" मी म्हणालो.

"तोच लिहून दे ना मग. मी सांगून थकले."

मला कुणी लिहून दे म्हटलं की मी हवेतच जातो. चष्मा पुसून मी सांगितलं, "लिही. शेजाऱ्याला टोपलीतून काही ना काही पाठवायचं, आणि त्याची टोपली आली तर रिकामी परत करायची नाही."

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आणि पहिलं 'नको' धरायचं नाही म्हणावं. माणसं संकोचाने नको म्हणतात!" ती कळव्याची. तिच्या माहेरी ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. लेकीने दोन्ही नियम टाइप केले.

सुरुवात झकास झाली. लाल घरातून मुळा गेला. निळीने त्याच टोपलीत कांदे घालून पाठवले. "बघ, संस्कार!" मी म्हणालो. पण आता टोपली कांदे घेऊन आली होती, तेव्हा ती रिकामी कशी जाणार? लालने भोपळा दिला. निळीने रताळी. टोपली जात होती, येत होती. पडद्याखाली त्यांचे विचार मराठीत उमटत होते: "शेजारणीने फारच केलं. टोपली तशीच पाठवणं बरं दिसणार नाही." हे वाक्य मी आमच्याच ओट्यापाशी इतक्यांदा ऐकलंय की क्षणभर मी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

शेताला पाणी कुणीच घालेना. मी घाबरून टाइप केलं, "आता पुरे." लालचं उत्तर आलं, "संकोच करू नका." मी लिहिलं, "खरंच नको." उत्तर आलं, "घ्या हो, घरचंच आहे."

मग हिवाळा आला. दोघी दोन घरांच्या मधोमध बर्फात पडल्या. मध्ये टोपली, टोपलीत एक वांगं.

"आधी एकच मरत होती," लेक म्हणाली. "तुमच्या संस्कारांनी दोघी गेल्या."

मी हसलो, ती हसली नाही. शुक्रवार होता. नियम काढले तर निळी मरणार, ठेवले तर दोघी. ती जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसली. मला काही सुधरेना. समोरच्या वहिनींशी आमची हीच देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालू आहे. मग आम्ही सगळे जिन्यात कसे आडवे झालो नाही? विचार करकरून डोकं फिरलं, आणि काहीतरी करायलाच हवं म्हणून मी ओट्यावरचा वहिनींचा डबा उचलला, त्यात साखर ओतली आणि दाराकडे निघालो.

"कुठे?" बायको.

"डबा परत द्यायला."

"अहो, कालच अळूवड्या आल्यात त्यातून! लगेच काय? हिशेब चुकता केल्यासारखं. राहू दे घरात. आपल्यासाठी काही केलं की त्यातलं जाईल."

लेकीने डोकं वर केलं. "आई, परत बोल."

"आता मी काय बोलले?" बायको माझ्याकडेच रागाने बघायला लागली.

नवा नियम असा झाला: टोपली घरात राहू द्यायची, स्वतःसाठी काही पिकवलं की त्यातला वाटा घालून मग परत. बायकोचा नियमही बदलला, मोठ्या मिनतवारीने. "तीनदा नको म्हटलं तर खरं धरा. त्याच्या आत नाही."

शनिवारी कुकरला बंदी होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, परीक्षा केंद्राबाहेरच्या पालकांसारखे. बंद दारातून इंग्रजी ऐकू येत होतं, मग एकदम शांतता. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"लालने धान्य पाठवलं. निळीने खाल्लं आणि टोपली ठेवून घेतली. हिवाळाभर. कंपनीतले सर म्हणाले, हिने घेतलं, पण परत काहीच दिलं नाही, ही चूक आहे का? मी म्हटलं, नाही, तिच्याकडे होईल तेव्हा देईल. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, माहीत नाही."

"इंटरव्ह्यूत 'माहीत नाही' म्हणालीस?"

"खरंच माहीत नव्हतं, बाबा. मग बर्फ वितळला. निळीने पहिला मुळा उपटला, अर्धा खाल्ला आणि अर्धा टोपलीत घालून निघाली. अर्धा कर असं तिला कुणी सांगितलं होतं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाही हो."

"पुढच्या फेरीला बोलावलंय," लेक म्हणाली. "दहा घरं करून आण म्हणाले."

बायकोने देवाला हात जोडले आणि त्याच हातांनी कुकर चढवला. लेक माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "दहा घरं असली की कसं वागायचं ते लिहून दे ना."

मी चष्मा चढवला. दहा घरं म्हटल्यावर त्यातल्या एकाशी तरी बोलणं बंद असणार, एवढंच मला सुचलं. पण ते नियम म्हणून लिहून द्यायचं, की त्यांचं त्यांना जमतं, हे काही केल्या कळेना.