रुसलेल्या मामांशी वाटाघाटी

एकोणीसशे साठच्या दशकात परदेशातल्या वकिलातीत माझी नेमणूक झाली, तेव्हा आमच्या विणकर घराण्यात सरकारी कामानं समुद्रापार गेलेली मी पहिलीच. रजेवर नागपूरला आले, तर घरात चुलत बहिणीचं लग्न होतं आणि नवऱ्या मुलाचे मामा रुसून मांडवाबाहेर बसले होते. मानपानात त्यांना गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेलं मिलचं उपरणं मिळालं होतं.

"तूच जाय," वडील मला म्हणाले. "तू तं देशादेशाची भांडणं मिटवून राहिली. हे काय मोठं आहे."

मी गेले. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून पाहिलं. ठेवलं, आणि तिथेच राहिले. विणकराच्या घरी सोयरीक करायची आणि खांद्यावर मिलचं कापड घ्यायचं, या विचारानं मलाच संताप येऊ लागला.

परत येऊन वडिलांना सांगितलं की मामांचं म्हणणं रास्त आहे, त्यांना हातमागाचंच उपरणं द्यावं आणि त्यांच्या धाकट्या भावालाही एक द्यावं. धाकट्या भावानं तोवर काही मागितलंच नव्हतं.

वडिलांनी स्वतःच्या खांद्यावरचं हातमागाचं उपरणं उतरवलं. आत्या इतका वेळ माझ्याकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "काहून वं, तिकडे तरी तू आपल्याच बाजूनं बसते ना?"