तीन काळ्या वायरी

त्या रविवारी मी बाबांच्या बडोद्यातल्या, अकोट्याच्या घरी गेले तेव्हा यादीत सहाच ओळी होत्या. मेन बंद करणे. जुना होल्डर उतरवणे. छताची जळमटं काढणे. वायरी पुसणे. नवा दिवा लावणे. बाबांना स्टुलावर चढू न देणे. शेवटची ओळ सर्वांत अवघड, असं मी धरून चालले होते. घोटाळा चौथ्या ओळीत झाला.

बाबा ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहतात. त्यांची खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये एक अरुंद पॅसेज आहे. तिथला दिवा महिनाभर बंद होता आणि तेवढ्यात ते दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले तर एकटं राहणं संपलं, माझ्याकडे यायचं, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. त्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं. इलेक्ट्रिशियन त्यांना चालत नव्हता. रेल्वेतली नोकरी सांभाळून या घराचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं. माझा हात चालायचा, कारण टेस्टर धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी अशी स्टुलावर गेली.

होल्डर उतरवला. छतातून तीन वायरी लोंबल्या, तिन्ही काळ्या. एकीला कसलासा मळकट दोरा चिकटला होता. तो मी ओढून काढला, वायरी फडक्याने लख्ख पुसल्या, आणि मग लक्षात आलं की होल्डरच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा त्या होत्या. पण कुठल्या दोन, हे पाहायचं राहूनच गेलं.

अंदाजाने जोडल्या. मेन चालू केला, पॅसेजचं बटण दाबलं आणि फ्यूज उडाला. बाबांनी खुर्चीत बसून नवी तार भरून दिली. मेन बंद करून मी वायरींची अदलाबदल केली. या वेळी दिवा लागला. मी पाचव्या ओळीवर खूण केली आणि हात धुवायला गेले, तर बटण दाबूनही बाथरूममध्ये अंधार. बाहेर येऊन दोन्ही बटणं बंद केली, बाथरूमचं पुन्हा दाबलं, तर लागला पॅसेजचाच दिवा.

“बाबा, बाथरूमच्या बटणावर पॅसेजचा दिवा लागतोय.”

“वा. म्हणजे आता अंघोळ पॅसेजमध्ये करायची.”

“चेष्टा नको. माझी मान गेलीय.”

“अगं, दोरा बांधलेली वायर एकटी ठेवायची. बाकीच्या दोन एकत्र.”

“कुठला दोरा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केराच्या सुपलीकडे.

पूर्वी या घराचं वायरिंग चाललं होतं तेव्हा उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी लाल वायर संपली होती. लहरीपुऱ्यातलं दुकान पुढचे दोन दिवस उघडणार नव्हतं; त्या दिवसांत बडोद्यात दुकानदारही पतंग घेऊन घराच्या धाब्यावर असतात. बाबांना तेवढा दम धरवेना. उरलेल्या काळ्या वायरीतच त्यांनी पॅसेज उरकला आणि जिच्यातून करंट येतो तिला पतंगाच्या फिरकीतल्या गुलाबी दोऱ्याची गाठ मारली.

“गुलाबी म्हणजे लालच की,” ते म्हणाले.

“मला सांगायचं नाही का?”

“तू विचारलंस का? तू पुसत सुटलीस. आण ते स्टूल, दोन मिनिटांचं काम आहे.”

“तुम्ही बसा.”

“मला दिसतंय ते तुला—”

“बाबा, बसा.”

ते बसले. मग खालून सांगत गेले, मी वर करत गेले. मेन बंद. तिन्ही टोकं वेगवेगळी, एकमेकांना लागू न देता. मेन चालू, फक्त पॅसेजचं बटण दाबायचं. टेस्टर जिच्यावर पेटला ती करंटची. आता ते बटण बंद, बाथरूमचं चालू. आता जिच्यावर पेटला ती बाथरूमकडे जाणारी. राहिली ती दोन्ही दिव्यांचा करंट परत नेणारी. पुन्हा मेन बंद. या शेवटच्या दोन एकत्र, करंटची एकटी. दर वेळी मी स्टुलावरून उतरले आणि चढले. गुडघ्यांनी मोजलं असेल, मी नाही.

झाकण लावणार तेवढ्यात बाबांनी कपाटातून जुनी फिरकी काढून आणली.

“लाल टेप लावते ना,” मी म्हटलं.

“टेप उन्हाळ्यात सुटते. गाठ राहते. कोणी पुसली नाही तर.”

मी गाठ मारली.

दोन्ही दिवे आपापल्या बटणावर लागले. बाबा खोलीतून बाथरूमपर्यंत गेले, परत आले. जाताना हात भिंतीवर होता, येताना नव्हता. मी सामान भरायला लागले.

“वहीत लिहून ठेव, कुठली वायर कुठली ते.”

“आता दोरा आहे की.”

“दोरा माझ्यासाठी होता,” ते म्हणाले. “मी आता वर चढत नाही.”

इतक्या दिवसांच्या वादात हे वाक्य माझ्या बाजूने पडलं होतं, आणि मला फक्त बसावंसं वाटलं. त्याच स्टुलावर बसून मी लिहिलं: करंटची, दोरा बांधलेली. इतर दोन एकत्र. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

“दोऱ्याची वायर खिडकीच्या बाजूची. तेही घाल.”

घातलं.