मामा म्हणजे पार्सिमोनिअस

बारावीनंतर मला वकील व्हायचं होतं. घरात कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण मी पहिल्यापासून भांडखोर. अडचण एवढीच होती की लॉच्या प्रवेश परीक्षेत भांडणाला मार्क नव्हते, इंग्रजी शब्दांना होते. आणि शब्द तरी कसले! लॅक्रिमोज, लोक्वेशस, पार्सिमोनिअस. पनवेलमध्ये असला शब्द कुणी उच्चारला तर समोरचा केमिस्टचं दुकान दाखवेल.

"शब्द नुसता घोकू नका, त्याला ओळखीचं माणूस चिकटवा," असं एसटी स्टँडजवळच्या आमच्या क्लासचे सर म्हणाले. मी हे घरी येऊन सांगितलं आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत नातेवाइकांची वाटणी सुरू झाली.

लॅक्रिमोज म्हणजे रडका. आईने एका क्षणात बाबांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, पुढे केलं. आत्या आली की रडायची, निघताना रडायची आणि मधल्या वेळात कांदा चिरायला मागायची. लोक्वेशस म्हणजे बडबड्या. तिथे विचुंबे गावचा काका बिनविरोध निवडून आला. त्याचा फोन आला की बाबा रिसिव्हर टेबलावर ठेवायचे, दाढी करून यायचे आणि पुन्हा उचलून "हो ना" म्हणायचे. काकाला त्याचा पत्ता लागायचा नाही.

मग आला पार्सिमोनिअस, म्हणजे कंजूष. बाबा याचीच वाट बघत होते.

"मामा," ते म्हणाले.

"माझ्याच भावाला बरं कंजूष केलंत!" आई भडकली.

"मी कुठे केलं? तयारच मिळाला."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा तो वाद दोन दिवस चालला. पण मनातून आईलाही पटलं होतं. मामा पुण्याहून यायचा तेव्हा पनवेल स्टँडवरून आमच्या घरापर्यंत बॅग उचलून चालत यायचा, रिक्षावाल्यांकडे बघायचासुद्धा नाही. घामाघूम होऊन म्हणायचा, "तेवढेच पाय मोकळे झाले." शिवाय खोलीतून बाहेर पडताना तो पंखा बंद करायचा, आत आम्ही बसलेलो असलो तरी.

रोज संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की चपला काढता काढता माझी परीक्षा घ्यायचे. "आत्या!" "लॅक्रिमोज!" "काका!" "लोक्वेशस!" मी घरात असेन तिथून ओरडून उत्तर द्यायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं, आमच्याकडे रोज पाहुणे येतात.

मला कॉलेज हवं होतं ते पुण्यातलं. हॉस्टेलला मात्र बाबांचा साफ नकार. मामा ठेवून घेणार असेल तर पुणं, नाहीतर पनवेलमध्येच गुपचूप बी.कॉम. करायचं. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या पंखा बंद करणाऱ्या हातात होतं. परीक्षेच्या आधी एका रविवारी तेच ठरवायला मामा आला. एरवी बांगड्यावर भागवणाऱ्या आईने सकाळीच बाजारात जाऊन पापलेट आणलं होतं.

बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत केस विंचरत होते. बाबांनी दार उघडलं आणि मोठ्या उत्साहाने मला हाक मारली, "अगं, मामा!"

"पार्सिमोनिअस!" मी आतून खणखणीत आवाजात ओरडले.



"काय म्हणाली ती?" मामाने विचारलं.

बाबांना खरं बोलायची वाईट सवय. "अभ्यास चाललाय तिचा. एकेका माणसावरून एकेक शब्द लक्षात ठेवते."

"असं? मग माझ्यावरून ठेवलेल्या शब्दाचा अर्थ काय?"

बाबांनी वाकून मामाच्या चपला सरळ लावायला घेतल्या. मी दारात येऊन उभी होते, हातात कंगवा तसाच. तेवढ्यात कणकेचे हात घेऊन आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पापणीही न लववता म्हणाली, "मोठ्या मनाचा. त्या शब्दाला आमच्याकडे दुसरं कोण होतं?"

मामा खुर्चीत बसला. रुमालाने मान पुसत त्याने तो शब्द स्वतःशीच हळूच म्हणून बघितला. त्याचा चेहरा असा काही खुलला की मलाच कसंतरी झालं. जेवताना त्याने आपल्या ताटातली पापलेटची मोठी तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली. हात धुता धुता म्हणाला, "मामाचं घर असताना पोरगी दुसरीकडे कशाला राहील?"

पेपरात आत्या आली, काकाही आला. मामा काही आला नाही. पण त्या दोघांनी तारून नेलं आणि मला पुण्यात प्रवेश मिळाला.

निघताना आईने बजावलं होतं, त्या शब्दाचं तिथे नावही काढायचं नाही. मी कशाला काढतेय! मामाने मला माझी खोली दाखवली. खाट होती, टेबल होतं आणि वर पंखा होता. पात्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

"नवा आणलास?"

"जुना फार खडखड करायचा. अभ्यास कसा झाला असता तुझा?" मामाने बटण दाबलं. वर बघत म्हणाला, "पार्सिमोनिअस माणसाचा पंखा आहे. जपून वापर."

त्याच्या मिशीत हसू होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मामा, तुला कधी कळलं?"

"तुमच्याकडून आलो त्याच आठवड्यात. डिक्शनरीत बघितलं."

"तू डिक्शनरी विकत घेतलीस?"

"विकत कशाला? दुकानात उभ्याने वाचली."

मला हसू आलं आणि मग एकदम रडूच फुटलं, अगदी आत्यासारखं. मामा गडबडला. "बरं, बरं, चहा टाकतो," असं काहीतरी पुटपुटत दाराकडे निघाला. सवयीने त्याचा हात बटणावर गेला. क्षणभर तिथेच थांबला. मग त्याने तो हात खिशात घातला आणि पंखा चालू ठेवून तो बाहेर गेला.