मावशीच्या हातांसाठी नेलेले छोटे दिवे

मावशीचं पत्र शाळामास्तरांच्या अक्षरात आलं. "दम लागून राह्यला. आता फार दिवस न्हाईत. माझ्यामागं चंद्रीशी बोलणारं कोणी न्हाई." चंद्रा ही तिची मुलगी, जन्मापासून बहिरी. मायलेकींनी तीस वर्षांत हातवाऱ्यांची एक बोली तयार केली होती आणि ती त्या दोघींनाच यायची. मी मुंबईत एका फिल्म कंपनीत दिवे लावतो. मावशीचे बोलणारे हात फिल्मवर घ्यायचे ठरवून निघालो.

कंपनीतले मोठे दिवे नेऊन उपयोग नव्हता, घनसावंगीला वीज नाही. मोटारीच्या दिव्यांचे दोन बल्ब, एक बॅटरी आणि मागून घेतलेला छोटा कॅमेरा, एवढंच घेतलं. खेड्यात चित्रण करणाऱ्याला तेवढं पुरतं. बॅटरी मात्र पेटीत गवत घालून उभी बसवावी, नाहीतर आतलं तेजाब सांडतं.

मनमाडला गाडी बदलली. निजामाच्या हद्दीत जकातीच्या कारकुनानं पेटी उघडायला लावली.

"दिवे मोटारीचे, अन् मोटार कुठंय?"

"मोटार नाही. मावशी आजारी आहे, तिचं चित्र घ्यायचंय."

त्यानं झाकण स्वतःच लावलं. "मंग जल्दी जा," म्हणाला.

जालन्याला स्टेशनाबाहेर गरम भाकरी आणि ठेचा मिळाला. अंबडपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी. दोन्हीकडं कापूस फुटलेला. पावसाळ्यात या काळ्या मातीत चाक रुततं, तेव्हा दिवाळीनंतरच निघावं.

मावशीला खाटेवरून उठवत नव्हतं. खोलीला हातभर खिडकी. मी बल्ब समोरून लावला तर तिनं डोळे मिटले. "विझव रे. सुया टोचून राह्यल्या." मागून लावला तर हात काळे पडले. चंद्रा बघत होती. तिनं माझ्या हातातून दिवा घेतला, खाटेपाशी जमिनीवर बसली आणि तो मावशीच्या गुडघ्याजवळ खाली धरला. दोन्ही तळवे उजळले, डोळे सावलीत राहिले.

"रोज कंदील तिथंच ठेवती ती," मावशी म्हणाली. "बोलणं बराबर दिसतं."

दुसरा बल्ब मी लावलाच नाही. बॅटरी पुरायला हवी होती.

फिल्म चार मिनिटांची होती. मावशी हात हलवता हलवता तोंडानंही बोलत होती. "रागानं उपाशी बसू नको. विहिरीवर एकटी जाऊ नको. जेवलीस का?" मधेच दम लागायचा, तेव्हा हात मांडीवर पडायचे आणि चंद्रा वाट बघायची.

फिल्म धुऊन, कंदिलाच्या उजेडावर चालणारा, हातानं फिरवायचा प्रोजेक्टर घेऊन मी परत गेलो, तोवर मावशी जाऊन महिना झाला होता. दार लावून भिंतीवर फिल्म दाखवली. मावशीनं "जेवलीस का?" विचारलं तशी चंद्रानं हातानंच उत्तर दिलं. मग भिंत पांढरी झाली. तरी चंद्रा भिंतीला हातांनी काहीतरी विचारत राहिली, बराच वेळ, आणि शेवटी माझ्याकडं वळून तिनं तेच पुन्हा विचारलं. मला कळलं नाही. तिनं आणखी सावकाश विचारलं. तिचे हात मी फिल्मवर घेतलेच नव्हते. दिवा धरून ती अंधारात बसली होती आणि बॅटरी वाचवायला मी दुसरा बल्ब लावला नव्हता.

फिल्म आणि प्रोजेक्टर तिच्यापाशी ठेवून आलो. मुंबईत कधी एकटा असलो की तिचा तो प्रश्न आठवेल तसा हातांनी करून बघतो. दोन मुठी जवळ आणायच्या, मग एक तळवा छातीवर उघडा ठेवायचा. त्याचा अर्थ मावशीनं सांगितला असता.