कुंदाताईने दुरुस्त केलेल्या बायका

"माझं डबिंग आता तू कर," असं कुंदाताई म्हणाली. ते आमचं शेवटचं बोलणं. ज्या इस्पितळात तिने सव्वीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्याच इस्पितळात ती पेशंट होऊन पडली होती आणि हाताला सलाइन लावणाऱ्या नव्या नर्सला "चिकटपट्टी अशी नाही, आडवी लाव" असं शिकवून नुकतीच माझ्याकडे वळली होती. मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतेय. म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणाली, "म्हणजे विलास माझी रडकी नायिका करणार. जीव आहे त्याचा माझ्यावर, पण करणार. भावंडांसाठी जळून गेलेली बाई... तू करू द्यायचं नाही." विलास तिचा धाकटा भाऊ. मी हो म्हटलं. मरणाच्या दारातल्या माणसाला आपण हो म्हणतोच. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने मशीनला लावत असताना ती गेल्याचा फोन आला. त्याला आता सहा आठवडे होतील. त्या होकाराचं मी काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

डबिंग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सतरा वर्षांपूर्वी माझी तन्वी जन्मली, तेव्हा बाळंतपणासाठी सासूबाई कणकवलीहून इथे आखातात, आमच्या मंगफच्या फ्लॅटमध्ये आल्या. नवरा, प्रशांत, पहाटे शुऐबाच्या प्लांटवर जायचा तो दिवेलागणीला यायचा. मी पुण्याची, त्यामुळे सासूबाईंच्या मालवणीला माझ्याकडून मिळणारी उत्तरं त्यांना बेचव लागत असावीत. एकदा लिफ्टमध्ये त्या आपल्याशीच काहीतरी पुटपुटल्या आणि मागून एक बाई खणखणीत मालवणीत म्हणाली, "काकी, तुमी खंयच्या?" ती कुंदा परब. मूळची मालवणची, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटी राहणारी. पुढच्याच शुक्रवारी ती शर्कच्या मासळीबाजारातून झुबैदी घेऊन आली. आपलं पापलेटच ते, नाव तेवढं अरबी. मासे तळले, जेवणं झाली, आणि कुंदाताईने आमचा टीव्ही लावला. डिशवर एक कोरियन मालिका चालू होती, अरबीत डब केलेली.

अरबी आमच्यात फक्त तिलाच कळायचं. तेही वॉर्डातलं... कुठे दुखतं, कधीपासून, मोठा श्वास घ्या. पण आमच्यापेक्षा शंभर पटीने बरं. टीव्हीशेजारी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्याच्यावर ती पडद्याकडे अर्धी पाठ करून बसायची आणि सासूबाईंना सगळं मालवणीत सांगायची. सोलची श्रीमंत माणसं, त्यांच्या काचेच्या इमारती, त्यांची नोकरमाणसं, सगळी मालवणीत भांडायची. मी तन्वीला मांडीवर घेऊन, नाहीतर स्वयंपाकघरातून कांदा चिरता चिरता ऐकायचे. हा आमचा शुक्रवारचा नेम झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

त्या काळच्या कोरियन नायिका आठवतात का कुणाला? गरीब, अनाथ, पावाच्या दुकानात काम करणारी मुलगी. नायक कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या मालकाचा तुसडा मुलगा. त्याचं प्रेम म्हणजे तिचं मनगट धरायचं आणि फरफटत गाडीपर्यंत न्यायचं. त्याची आई हॉटेलात बोलावून मुलीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकणार. मुलीने मान खाली घालून ऐकायचं, आणि शेवटी असाध्य आजार झाला की कुणाला न सांगता दूर कुठे तरी जाऊन मरायचं. असं सगळं होतं, पण आम्हाला त्यातलं निम्मं ठाऊकच नव्हतं. कारण कुंदाताईच्या तोंडून ती मुलगी वेगळंच बोलायची. त्याने मनगट धरलं की म्हणायची, "आदी हात सोड, मगे बोल." तोंडावर पाणी फेकलं की, "उन्हाळो आसा, बरा वाटला. आनी एक ग्लास आसा काय?" सासूबाई खुर्चीत पुढे सरकायच्या. मधूनच विचारायच्या, "गो कुंदा, पन ती रडता कित्याक?" कुंदाताई शांतपणे सांगायची, "रागान रडता, काकी."

यातल्या एका भागाने माझं आयुष्य बदललं, आणि हे मी जरासुद्धा वाढवून सांगत नाही. तन्वी सात महिन्यांची झाली आणि माझी बिनपगारी रजा संपत आली. प्रशांत म्हणाला, "कशाला हवी ती लॅब? मुलगी लहान आहे, राजीनामा देऊन टाक." त्याचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं, पण मला ते पटलं नाही. इथे एकदा हातची नोकरी सुटली की परत मिळवताना नाकी नऊ येतात, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही होतं. कुंदाताईपाशी रडले. त्या शुक्रवारी मालिकेत ती पाणी फेकणारी आई, आता सासू झालेली, लेकुरवाळ्या सुनेच्या पावाच्या दुकानात आली आणि बराच वेळ बोलली. कुंदाताईने सांगितलं, "ती माफी मागता, काकी. म्हनता, मी तुका घरात कोंडूक बगलंय ती माजी चूक. तू तुजा काम कर, पोराक मी बगतंय." दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, "त्या कोरियातल्या बायेन सुनेची माफी मागल्यान. आनी तू तुज्या बायलेक घरात बसवतलस?" प्रशांतला काही संदर्भच लागेना. सोमवारी मी कामावर हजर झाले. तन्वीला सासूबाईंनी दीड वर्ष सांभाळलं, व्हिजिट व्हिसावर येत-जात.

पुढे इंटरनेटवर मालिका आल्या, मूळ कोरियन आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं. तन्वी तेव्हा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत. तिने एकदा आमची ती पहिली मालिका शोधून काढली आणि स्टुलावरची कुंदाताई बोलत असतानाच ओरडली, "मावशी, नो! शी इज सेइंग सॉरी! ती फक्त सॉरी म्हणतेय!" मग तिने तो सासूचा भागही लावला. सासू माफीबिफी काही मागत नव्हती. दुकान बंद कर नाहीतर माझ्या मुलाला विसर, असं बजावत होती. मी कुंदाताईकडे बघतच राहिले. म्हणजे माझी नोकरी एका न बोललेल्या वाक्यावर उभी होती! ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "बरोबर आहे. ती बाई तेव्हा चुकीचं बोलत होती. मी दुरुस्त केलं." सासूबाईंनी हे कानाआड केलं, निदान मला तसं वाटलं.

गंमत अशी की हळूहळू त्या मालिकाच तिला गाठायला लागल्या. नायिका वकील झाली, पोलीस झाली, घटस्फोट घेऊन पोरासकट हसायला लागली. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, ज्या पूर्वी फक्त पाणी फेकायला यायच्या, त्यांच्या स्वतःच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी गाडी शिकतेय, कुणी प्रेमात पडतेय, कुणी नवऱ्याला स्वतःचं ताट धुवायला सांगतेय. नायक स्वयंपाक करायला लागले, रडायला लागले. एकदा एका नायकाने हात पुढे केला आणि थांबून विचारलं, "धरू का?" कुंदाताईने ते सांगितलं आणि लगेच पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या माजा नाय हां, काकी. खरोखर तोच बोललो." त्या दिवशी ती फार आनंदात होती. म्हणाली, "आता मला कष्टच राहिले नाहीत. पोरी आपापल्या बोलायला शिकल्या."

माणसं म्हणतात, तिने लग्न केलं नाही ते भावांच्या शिक्षणासाठी. खोटं. दोन चांगली स्थळं आली होती, दोन्ही तिने नाकारली, कारण तिला एकटं राहायला आवडायचं. तिने तसं मला दहा वेळा सांगितलं होतं. भावांना शिकवलं, हौसेने शिकवलं, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून कधी उसासा ऐकला नाही. तिच्याकडे अकरा गॉगल होते. स्वतःची गाडी होती, तिच्या काचा खाली करून ती समुद्राकडेच्या रस्त्याने उगाच फिरायची आणि कोळ्यांशी अरबीत अशी घासाघीस करायची की शेवटी तेच हसायचे. आजार कळला त्या दिवशी तिने वॉर्डातल्या सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, "मला कॅन्सर आहे. लपवणार नाही, पळणार नाही, झाडाखाली खोकत बसणार नाही. प्रश्न असतील तर आत्ता विचारा." केस गेले तशी बोडक्या डोक्याने, मोठ्यात मोठा गॉगल लावून मासळीबाजारात गेली. कुणी टक लावून पाहिलं तर ती उलट टक लावायची. ही बाई बिचारी कुठून झाली?

तिचा देह इथून गावी पाठवला. त्यानंतरच्या शुक्रवारी माझ्या हॉलमध्ये आम्ही जमलो. तिच्या वॉर्डातल्या केरळच्या, फिलिपिन्सच्या मुली आल्या होत्या. विलासदादा फोनवर होते, स्पीकरवर. ढसाढसा रडत होते. "ताईने आमच्यासाठी स्वतःला जाळलं. एक दिवससुद्धा स्वतःसाठी जगली नाही. आम्ही तिचे अपराधी आहोत..." मुली माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, भाऊ काय म्हणतात? मला इंग्रजीत सांगायचं होतं. मी फोनवर तळहात दाबला आणि सांगितलं, "भाऊ म्हणतात, आमची ताई तिच्या मर्जीने जगली. तिला जे द्यायचं होतं ते तिने हसत दिलं, आणि उरलेल्याचे गॉगल घेतले." मुली हसल्या. मग एकीला चिकटपट्टी आठवली, दुसरीला तिची गाडी, आणि हॉलभर तिच्या गोष्टी, सासूबाईंच्या भाषेत गजाली, सुरू झाल्या. प्रशांतने घसा खाकरला. फोनवर विलासदादांना वाटलं असेल, तिकडे सगळे रडताहेत.

दादा, तुम्ही हे वाचाल. रागवा, तुमचा हक्क आहे. तुमचं रडणं खरं होतं, मला ते कळत होतं. पण तुम्ही सांगत होतात ती बाई मला ठाऊक नाही, आणि जी ठाऊक होती तिला मी शब्द दिला होता. परत वेळ आली तर परत हेच करेन.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. सासूबाई या खेपेलाही इथेच होत्या, त्या खुर्चीतून म्हणाल्या, "फोनार तो रडत होतो आनी हंय सगळी हसत होती. तू येगळा काय सांगलंस?" त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी हातातले कप खाली ठेवले आणि खरं ते सांगितलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "कुंदा पन तसाच करी. पडद्यार बायो रडत, आनी ह्या सांगी ती झगाडता म्हनान. माका काय डोळे नाय?" म्हटलं, "आई, म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"कित्याक बोलू?" त्या म्हणाल्या. "तिचीच गजाल बरी होती."

मग त्यांनी पायाने ते निळं स्टूल माझ्याकडे ढकललं. तन्वीला म्हणाल्या, ती जुनी लाव, पयली. तन्वीने लावली. मी पडद्याकडे अर्धी पाठ करून बसले. पावाच्या दुकानातल्या त्या मुलीचं मनगट त्याने धरलं होतं, तिचे डोळे भरून आले होते, आणि खाली इंग्रजीत जे लिहून आलं ते मी मान वळवून वाचलं. तन्वीनेही वाचलं आणि माझ्याकडे बघून गप्प राहिली.

"काय म्हनता गो ती?" सासूबाईंनी विचारलं.

"ती म्हणतेय," मी म्हटलं, "आधी हात सोड."