रिंग आणि निवद

पिंप निम्मंच भरलं होतं आणि नळाला अजून चांगली धार होती. तरी बायडाबाईंनी घागर खाली ठेवली आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. घागर उचलताना अंगातून काहीतरी सरकून खाली आलं होतं, सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. आधी ते संध्याकाळी दमल्यावर जाणवायचं, आडवं झालं की आत जायचं. आता सकाळीच उतरायला लागलं होतं.

बाईंची आई पोटातल्या गाठीनं गेली होती. त्यामुळं हीही गाठच, हे त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला सांगितलं नाही. जुन्या लुगड्याची घडी आवळून बांधायच्या. खोकला आला की लघवीचे थेंब गळायचे, म्हणून पाणीच कमी प्यायच्या. थेंब गळला की पुन्हा अंघोळ, मगच देवघरात पाऊल. माघातल्या दर रविवारी जोतिबाच्या डोंगराला अनवाणी चालत जायचं, त्याला खेटे म्हणतात. शिवाजी पेठेत सून म्हणून आल्यापासून बाईंचा खेटा चुकला नव्हता. यंदा मात्र वाटेत दोनदा बसावं लागलं होतं. बरोबरच्या बायकांना त्यांनी पायात गोळा आला म्हणून सांगितलं.

पाणी वाहून चाललेलं ऐकून सून क्रांती मोरीत आली. तिनं नळ बंद केला आणि सासूच्या तोंडाकडं बघितलं.

"आत्ती, काय हुतंय?"

"काय न्हाय. कंबर धरलीय."

"कंबर धरली तर पोटाखाली हात कशाला धरलाय?"

मग बाईंनी हळू आवाजात सांगितलं. क्रांतीचाही चेहरा उतरला, पण तिनं रिक्षा बोलावली. आण्णांना, म्हणजे बाईंच्या मालकांना, गुडघा दाखवायला चाललोय असं सांगून दोघी राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेल्या.

तपासायच्या टेबलावर बाईंनी डोळे मिटून जोतिबाचं नाव घेतलं. डॉक्टरीणबाईंनी खोकायला लावलं, मग हातमोजे काढत म्हणाल्या, "ही गाठ नाही, मावशी. तुमची गर्भपिशवीच खाली आलीय."

बाळंतपणं, जड उचलणं, पाळी गेल्यावर आलेला सैलपणा, जुनाट खोकला, कुंथणं, सगळं मिळून असं होतं, अनेक बायकांना होतं, असं त्यांनी सांगितलं. पिशवीच्या तोंडाचा नमुना मात्र तपासायला घेतला. आत एक मऊ रिंग बसवायची, ती पिशवीला वर धरते. अधूनमधून येऊन साफ करून घ्यायची. लघवी रोखल्यासारखं आवळून सोडायचा व्यायाम रोज करायचा. रिंगनं भागलं नाही तर ऑपरेशनचं बघू. पण उशीर नको. कापडाला घासून आताच लाल चट्टा पडलाय; चिघळला तर रिंगही थांबवावी लागेल.

बाईंना गाठ नसल्याचा आनंद दवाखान्याच्या पायरीपर्यंतच पुरला.

"रिंग अंगातच ऱ्हाणार म्हणं," रिक्षात त्या क्रांतीला म्हणाल्या. "रबराची, तीबी तसल्या जागी. आणि मी शेवटच्या खेट्याचा निवद कसा करू? देवाच्या पोळ्या हायत त्या."

क्रांतीनं पुष्कळ समजावलं. बाईंचं एकच: खेटा होऊ दे, मग बघू. मलम तेवढं घेतलं. पुढचे दिवस त्या काम करता करता मधेच थांबायच्या. बसलं तरी जळजळ, उभं राहिलं तरी जळजळ. चट्टा चिघळला तर काय, आणि रिंग घालून देवाला शिवलं तर काय, ह्या दोन्ही भीतींत रात्री झोप लागेना.

शनिवारी कुरुंदवाडहून नणंद आल्या, आक्का. निवदाची डाळ निवडणाऱ्या भावजयीकडं बघून त्यांनी हातातलं सामान टेकवायच्या आधीच विचारलं, "बायडे, उभ्यानं डाळ का निवडालीस? अंग भाईर येतंय व्हय?"

बाईंनी दार लोटलं आणि दवाखान्यातलं सगळं सांगितलं. रिंगचं सांगताना आवाज अगदी खाली गेला.

"गेल्या साली शेवटच्या खेट्याचा निवद कुणी केलता?" आक्कांनी विचारलं.

"तुम्हीच की. माझा हात भाजलाता तवा."

"तवा रिंग माझ्या अंगातच हुती. आत्ताबी हाय. मग जोतिबानं ताट परत धाडलं व्हय? तू तर चार पोळ्या हाणल्यास."

राग आला की हसू, बाईंनाच कळेना.

"आणि मला सांगितलं न्हाईसा?"

"तू तरी कुणाला सांगितलंस?" आक्का परातीपाशी टेकल्या. "दुकतंय का बसवताना, त्ये इचार. थोडं दुकतंय. मग इसरून जातंय."

रिंग निसटली तर काय, आणि त्या नमुन्यात काही निघालं तर काय, हेही बाईंनी विचारलं. निसटली तर परत बसवतात, आक्का म्हणाल्या. नमुन्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. तेवढी भीती तशीच राहिली.

पोळ्या आक्कांनी करायच्या आणि ह्या खेट्याला बाईंनी चालायचं नाही, जीपनं डोंगरावर जायचं, असं ठरलं. संध्याकाळी बाईंनी आण्णांना गुडघ्याचं खोटं होतं, पिशवी खाली आलीय, म्हणून सांगून टाकलं. आण्णा पानाचा डबा मिटत म्हणाले, घागरी उद्यापासून मी भरतो.

सोमवारी सकाळी क्रांतीला घेऊन राजारामपुरीत जायचं, रिंग बसवून घ्यायला.